चार वर्षांची बंदी आणि सुई देणारा हात

खानापूर तालुक्यातून एका मामांनी विचारलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "भाचा वीस वर्षांचा, फ्रीस्टाइल कुस्ती खेळतो. राष्ट्रीय स्पर्धेत लघवीचा नमुना घेतला, त्यात स्टॅनोझोलॉल नावाचं स्टेरॉइड निघालं. चार वर्षांच्या बंदीचं पत्र आलंय. भाचा म्हणतो, मी काय केलो नाही वो, सिनियरनं सुई मारली, ताकदीची म्हणाला. तालमीत दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात, असल्यांना जन्मात परत मॅटवर घेऊ नये. निम्मे म्हणतात, पोराचा काय दोष? तुम्ही नमुने घ्यायचं काम केलंय, दवाखानाही चालवता. ही शिक्षा बरोबर आहे काय?"

मामा, आधी कडू सांगतो. भाच्याला शिक्षा होणार, आणि व्हायलाच पाहिजे. पण ती पुरी चार वर्षांचीच होईल असं नाही. आणि ती एकट्या त्यालाच झाली, तर तो न्याय अर्धाच.

मी बेळगावात एकवीस वर्षं दवाखाना चालवतोय. पोरपणी तालमीत जोर-बैठका काढल्या, कुस्ती काही जमली नाही, मग डॉक्टर झालो. मधली सहा-सात वर्षं स्पर्धांच्या ठिकाणी खेळाडूंचे नमुने घ्यायचं काम केलं. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. इकडे दवाखान्यात सुया घेऊन बिघडलेली पोरं येतात, तिकडे हातात सीलबंद बाटल्या घेऊन मीच उभा असायचो.

"मला माहीत नव्हतं" हे या नियमात चालत नाही, आणि त्याला कारण आहे. अंगात जे सापडेल त्याचा धनी खेळाडू. कुणी दिलं, का दिलं, हा पुढचा प्रश्न. हे कठोर वाटतं, पण उलटं करून बघा. माहीत नव्हतं म्हटल्यावर सोडायचं ठरवलं, तर एकही पैलवान सापडणार नाही. प्रत्येकाला एक सिनियर असतो, एक मामा असतो, एक पावडरीचे डबे विकणारा दुकानदार असतो. आणि समोर जो पोरगा पाठीवर पडला त्याचं काय? तोही कुठल्या तरी शेतकऱ्याचाच. दूध घालून घर चालवणाऱ्या आईनं त्यालाही बदाम पुरवलेले असतात. रेल्वेतली किंवा पोलिसातली खेळाडू कोट्यातली जागा एका पदकानं हुकते. भाच्यानं जाणून घेतलं असो वा नेणून, त्या पोराची जागा गेली ती गेलीच. म्हणून त्या स्पर्धेतला निकाल आणि पदक काढून घेतात. तिथे दयामाया नाही, आणि नसावीच.

नरसिंग यादवचं आठवतं ना? तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला गडी. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅनडिएनोन हे स्टेरॉइड निघालं. माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं. नाडानं, म्हणजे आपल्या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेनं, १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवलं. आपल्याकडे तालमी-तालमीतून पेढे वाटले. जागतिक संस्था वाडा त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे गेली आणि १८ ऑगस्टला, त्याची कुस्ती उद्यावर असताना, ४ वर्षांची बंदी लागली. लवादाचं म्हणणं एवढंच, की घातपाताला खरा पुरावा नाही. गोष्ट कितीही पटण्यासारखी असली तरी ती पुराव्यानं दाखवावी लागते, आणि दाखवायचं ओझं खेळाडूवर असतं. भाच्याच्या "सिनियरनं सुई मारली" या वाक्याचं वजन तेवढंच, जेवढा त्यामागे पुरावा.

आता चार वर्षं हा आकडा कुठून आला ते बघू. वाडाची स्थापना १९९९ ची, तिची संहिता, म्हणजे डोपिंगविरोधी नियमांचं पुस्तक, २००४ पासून लागू. तेव्हा पहिल्या चुकीला साधारण २ वर्षं होती. २०१५ पासून मुद्दाम घेतलेल्याला ४ केली. यातली खोच अशी की औषधांचे दोन गट आहेत. स्टॅनोझोलॉल, मेथॅनडिएनोन, नॅन्ड्रोलोन ही स्टेरॉइडं पहिल्या गटात. तिथे मुळातच ४ वर्षं धरतात, आणि मुद्दाम घेतलं नाही हे खेळाडूनं सिद्ध करायचं. दुसऱ्या गटात नकळत पोटात जाण्याची शक्यता जास्त असलेली औषधं. तिथे २ वर्षं धरतात, आणि मुद्दाम घेतलं हे नाडानं सिद्ध करायचं. तालमीत वजन उतरवायला फुरोसेमाइडची गोळी खातात ना, रात्रभर लघवीला पळवणारी, ती या दुसऱ्या गटातली. खोकल्याच्या औषधातलं टर्ब्युटालिनही तिथलंच. पृथ्वी शॉ २०१९ मध्ये त्याच टर्ब्युटालिनमुळे सापडला. खोकला झाला म्हणून दुकानातून औषध आणून प्यायलो, हे त्याचं म्हणणं मान्य झालं आणि ८ महिन्यांवर सुटला. नमुना द्यायलाच नकार दिला तरी ४ वर्षं लागू शकतात. बजरंग पुनियावर २०२४ मध्ये नाडाच्या समितीनं त्यावरूनच बंदी घातली. किट मुदत संपलेली देतात ही त्याची तक्रार होती, ती कामी आली नाही.

म्हणजे सगळ्यांना एकच दंडुका नाही. तालमीत हे कुणी सांगत नाही. तिथे सांगतात, "अमुक घे, त्यात सापडत नाही."

एक प्रसंग सांगतो. ठिकाण आणि साल मुद्दाम सांगत नाही. सत्तावन्न किलोचा पोरगा, वजन सकाळीच झालेलं, त्यासाठी दोन दिवस पाण्याचा थेंब नाही. ओठ फुटलेले. कुस्ती जिंकला आणि त्याला नमुन्यासाठी बोलावलं. ९० मिलिलिटर लघवी लागते. अंगात पाणीच नाही तर येणार कुठून? पाच वाजल्यापासून बसला. सीलबंद पाण्याच्या बाटल्या समोर, त्यातली स्वतः निवडायची, स्वतः फोडायची. तीन बाटल्या पोटात गेल्यावर आठच्या सुमाराला नमुना आला, तर इतका पातळ की चालेना. घनता १.००५ तरी लागते. परत बसा. दाराबाहेर त्याचा वस्ताद येरझाऱ्या घालतोय. "एवढ्याला एवढा वेळ काय वो डॉक्टर, पोरगं उपाशी हाय."

साडेनऊला एकदाचं झालं. पोरानं स्वतःच्या हातानं दोन बाटल्यांत ओतलं, ए आणि बी, झाकणं कट्कट् वाजेपर्यंत फिरवली. मग फॉर्म. त्यात एक रकाना असतो, मागच्या सात दिवसांत घेतलेली औषधं आणि पावडरी लिहायचा. पोरानं पेन धरलं आणि मला विचारलं, "पावडर लिहू काय?" मी म्हटलं, जे घेतलंस ते सगळं लिही, त्यात तुझाच फायदा आहे. त्यानं दाराकडे बघितलं. दार अर्धं उघडं होतं. वस्तादानं नुसती मान हलवली, नाही म्हणून. पोरानं रकान्यात आडवी रेघ मारली आणि सही केली.

त्या बाटल्यांचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. प्रयोगशाळेत नाव जात नाही, नंबर जातो, आणि आमच्यापर्यंत निकाल येत नाही. पण ती आडवी रेघ डोक्यातून जात नाही. समजा डब्यात भेसळ होती. रकान्यात त्या डब्याचं नाव असतं, तर पोराला नंतर म्हणता आलं असतं की बघा, मी लपवलं नव्हतं. भेसळीच्या प्रकरणात शिक्षा नुसत्या ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत खाली येऊ शकते. त्या रेघेनं ती वाट तिथेच अवघड केली. सही पोराची, मान हलवणारा बाहेरचा.

माझं जे म्हणणं आहे ते या दारापाशीच आहे.

नियमात दाराबाहेरच्यालाही शिक्षा आहे. खेळाडूला बंदी असलेलं औषध देणं, टोचणं किंवा विकणं याला ४ वर्षांपासून जन्मभराची बंदी. मदत करणं, झाकणं याला २ वर्षांपासून वर. खेळाडू सोळाच्या आतला असेल, किंवा मोठ्या पातळीवर न पोचलेला अठराच्या आतला असेल, आणि प्रशिक्षकानं त्याला स्टेरॉइड दिलं असेल, तर थेट जन्मभराची बंदी. असा कोवळा पोरगा सापडला की आजूबाजूच्या माणसांची चौकशी आपोआप सुरू व्हावी, असंही संहितेत आहे. कागद मजबूत आहे. पण सुई देणाऱ्याचं नाव कोण सांगणार? लघवीत औषध सापडतं, नाव सापडत नाही. ते पोराच्या तोंडातूनच यावं लागतं. आणि ज्या तालमीत त्याचं अंथरूण आहे, जिथे तो सिनियरच्या अंगाला तेल लावून डाव शिकला, तिथलं नाव तो कसं घेणार?

आपल्याच राज्यातली गोष्ट बघा. उडुपीकडची अश्विनी अक्कुंजी, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रिलेचं सोनं आणणारी. २०११ मध्ये ती आणि तिच्या बरोबरीच्या धावपटू स्टेरॉइडमध्ये सापडल्या. शिबिरात दिलेल्या जिनसेंग या जडीबुटीतून ते आलं, असा त्यांचा बचाव. इथल्या समितीनं तो बराचसा मानला आणि १ वर्षाची बंदी दिली. पुढच्या वर्षी लवादानं ती २ वर्षांची केली. परदेशी प्रशिक्षकाची नोकरी गेली. पण लोकांना नावं कुणाची आठवतात? मुलींची.

आपल्या भागात हे आणखी गुंतागुंतीचं होतं. पोरगा निपाणीचा, तालीम कोल्हापुरात, खेळतो कर्नाटकाकडून. डबा आणला या गावातून, सुई मारली त्या गावात. इकडची संघटना म्हणते, तो तिकडे राहतो. तिकडचे म्हणतात, तो आमच्याकडून खेळतच नाही. सीमाप्रश्नात आपण पिढ्यान्‌पिढ्या दोन्हीकडचे आणि कुठलेच नाही, तसंच इथेही. आणि खरी गर्दी असते गावच्या मैदानात. हलगी घुमतेय, लाखाची कुस्ती लागलीय, लोक झाडावर चढलेत. मी पाहिलेल्या गावच्या एकाही मैदानात नमुना घेतलेला नाही. एकदा मैदानाच्या कडेला उसाच्या बांधावर मेफेन्टरमाइनच्या रिकाम्या कुप्या बघितल्या होत्या. कमरेत सुई देऊन भूल देताना रोग्याचा रक्तदाब पडला की तो वर आणायला हे औषध वापरतात. शस्त्रक्रियेच्या खोलीतली कुपी बांधावर कशी आली? चिठ्ठीशिवाय हे औषध विकता येत नाही. ते विकणाऱ्याला, भरून देणाऱ्याला नाडा काय करणार? तो ना खेळाडू, ना प्रशिक्षक. दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसतो. आपला २०२२ चा डोपिंगविरोधी कायदा बंदी, पदकं काढणं, दंड इथपर्यंत जातो. खेळाडूला तुरुंग त्यात नाही, आणि ते बरंच आहे. पण औषधविक्रीचे जे कायदे आधीपासून आहेत ते तरी त्या दुकानाच्या पायरीपर्यंत यावेत, एवढी अपेक्षा धरायला काय हरकत?

जन्मभर बंदीवाल्या तटाला मी एवढंच विचारीन: सतरा-अठराव्या वर्षी तुमच्या पोराला सिनियरनं सुई पुढे केली तर तो नाही म्हणेल याची खात्री आहे? पहिल्याच चुकीला जन्मभर लावायचा प्रयत्न जगात झालाय. ब्रिटनच्या ऑलिंपिक संघटनेनं सापडलेल्यांना ऑलिंपिकला कायमची बंदी घालायचा नियम ठेवला होता, लवादानं तो २०१२ मध्ये रद्द केला. संहितेपेक्षा जास्तीची शिक्षा लावायची नाही, असा अर्थ. तिसऱ्यांदा सापडला तर जन्मभर बाहेर, हे संहितेतच आहे, आणि तिथे माझी काही तक्रार नाही. शिवाय जिथे पहिल्याच खेपेला सगळं संपतं, तिथे पोरगा नाव कशाला सांगेल? गमवायचं सगळं गमावलेलं असतं.

आणि "पोराचा काय दोष" म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या दवाखान्यात येऊन बसावं. एकोणीस-वीस वर्षांचं पोर, पाठभर फोड, छातीवर बाईसारखी गाठ, म्हणून शर्ट काढायला लाजतंय. यकृताचे आकडे चढलेले. आई म्हणते, "खुराक अंगी लागलाय की." एकाला विचारलं, किती सुया झाल्या? त्यानं बोटांवर मोजलं आणि दोन्ही हातांची बोटं संपली. तिसऱ्या-चौथ्या सुईला कळतंच, की हे दूध-बदाम नाही. त्या कळण्याचा दोष त्याचाच. देशाचा आकडा हवा असेल तर २०२३ चा घ्या: ५,६०६ नमुने, त्यात २१३ सापडले. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यांत वरचं होतं. एवढे सगळे अजाण होते, हे मला पटत नाही.

आता तुमच्या भाच्याचं. तुमच्या मजकुरावरून हे आरोपाचं पत्र दिसतंय, म्हणजे अजून दोर हातात आहे. नीट वाचा.

आरोपपत्र मिळाल्यापासून २० दिवसांच्या आत गुन्हा मान्य करून बंदी कबूल केली, तर चारातलं एक वर्ष कमी होतं. हे भांडून मिळत नाही, वेळेत सही करूनच मिळतं. बी बाटली तपासायची मागणी हा त्याचा हक्क आहे, पण सुई घेतलीच असेल तर बी बाटली काही वेगळं सांगणार नाही, उगाच खर्च. दुसरी मोठी वाट म्हणजे मदत. कुणी दिलं, कुठून आणलं, आणखी कुणाला दिलं, हे त्यानं सांगितलं आणि त्यावरून दुसऱ्यावर गुन्हा उभा राहिला, तर त्याच्या शिक्षेचा पाऊण हिस्सापर्यंत स्थगित होऊ शकतो. मोबाइलवरचे संदेश, पैसे पाठवल्याच्या नोंदी, कुपीचा फोटो, काही असेल तर पुसू नका. हे सांगितल्यावर तालमीत त्याला कोणी विचारणार नाही, हे मला कळतं. पण बंदीच्या काळात संघटनेशी जोडलेल्या तालमीत त्याला तसाही सराव करता येणार नाही, चार वर्षं असतील तर शेवटचे दोन महिने सोडून. तीच तालीम सांभाळण्यासाठी तो चार वर्षं गप्प बसणार काय, हे त्याला बसवून विचारा. तुम्ही विचारा, वस्तादाला मध्ये घेऊ नका.

संघटनेच्या हाताखालच्या कुठल्याही मैदानात त्याला उतरवू नका. जत्रा आहे, गावचा मान आहे, एकच कुस्ती, असं म्हणत लोक येतील. बंदी मोडली तर मूळ बंदीएवढी नवी बंदी शेवटाला जोडतात. एका जत्रेपायी आणखी चार वर्षं.

हे सगळं ज्या एका गोष्टीवर अडतं ती अगदी क्षुल्लक आहे. दोन वर्षांपूर्वी एक पोरगा माझ्याकडे आला तेव्हा आरोपपत्र मिळून एक्केचाळीस दिवस झाले होते. पत्र ईमेलवर आलेलं, इंग्रजीत. ईमेल काढून दिलेला गावातल्या सायबर कॅफेवाल्यानं, फॉर्म भरताना. पासवर्ड त्याच्याकडे. पोराला पत्र आलंय हेच ठाऊक नव्हतं. कानडीतली नोटीस आली की आपण निदान कुणाकडून तरी वाचून घेतो, इथे तर दारावर टपालच नाही. एक वर्षाची सूट तशीच गेली.

तेव्हा मामा, आज संध्याकाळी भाच्याला घेऊन बसा आणि ईमेल कुणाच्या मोबाइलवर उघडतो ते विचारा. पत्राच्या वरची तारीख बघा, ते कधी मिळालं ते बघा, आणि कॅलेंडरवर विसावा दिवस मोजून खूण करा. पत्राची छापील प्रत, सुईची कुपी फेकली नसेल तर कुपी, आणि भाचा, तिघांना घेऊन दवाखान्यात या. रविवारी दुपारी मी असतो.